करंगळीची जागा

पेटी हलकी लागली!

कपाटावरची धूळ पुसायला माई स्टुलावर चढल्या होत्या. दर महिन्याप्रमाणे त्यांनी ती काळी, लांबोडकी पेटी कवटाळून बाजूला सरकवायला घेतली, तर ती इतक्या सहज उचलली गेली की तोल जाऊन त्या पडायच्याच बाकी राहिल्या. त्यांनी खटके उघडले. आत निळं मखमली अस्तर होतं... आणि काहीच नव्हतं! सहा वर्षांपूर्वी गेलेल्या यजमानांची गिटार, जिला कुणी बोटही लावायचं नाही असं माईंनी साऱ्या घराला बजावून ठेवलं होतं, ती नाहीशी झाली होती. माईंनी पेटी बंद करून होती तशी ठेवली आणि खाली उतरून त्या भाजी निवडत बसल्या.

त्या ओरडल्या नाहीत. ओरडून मोकळं होणं त्यांना कधी जमलंच नव्हतं. त्या मनात धरून ठेवणाऱ्या! घरात माणसं तीन, त्या, मुलगा आणि सून. मुलाला गिटारीचं लहानपणापासून वावडं. बाप ती घेऊन बसला की हा चेंडू घेऊन बाहेर पळायचा. मग उरलं कोण? त्या दिवसापासून माईंची नजर सुनेच्या पाठीला चिकटली.

आणि काय काय दिसायला लागलं! सून चष्म्याच्या दुकानात काचा बसवायची, इवलेसे स्क्रू पिळायची. साडेसहाला घरी येणारी ही मुलगी हल्ली मंगळवारी आणि शुक्रवारी साडेसातला उगवत होती. "गिऱ्हाईक होतं," म्हणे. दर मंगळवारी? दर शुक्रवारी? फोन आला की गॅलरीत जाऊन दबक्या आवाजात बोलायची. आणि नखं! चार वर्षांपूर्वी लग्न होऊन आली तेव्हापासून जिवापाड जपलेली, रंगवलेली नखं... उजव्या हाताची होती तशीच, आणि डाव्या हाताची पार मुळापासून कापलेली! एकाच हाताची नखं कोण कापतं? एकदा तर त्या हाताच्या बोटांना पट्ट्या गुंडाळलेल्या होत्या.

"काय झालं गं बोटांना?"

"काही नाही माई, कापलं."

"चारही बोटं? एकदम?"

सून पाणी आणायला म्हणून उठली. पाण्याचा जग टेबलावर भरलेलाच होता.

माईंनी मुलाला आडून विचारलं, "बाबांची पेटी बघितलीस का रे एवढ्यात?"

"असेल की तिथेच! कुठे जाणार?" म्हणत त्याने वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. त्याचे कान मात्र लाल झाले होते. म्हणजे पोटचा मुलगाही सामील!

ती गिटार म्हणजे त्यांच्या संसाराचा आवाज होता. यजमान छापखान्यात होते. कागद कापायच्या यंत्राने ऐन तारुण्यात त्यांच्या डाव्या करंगळीचं टोक नेलं, तरी रविवारी सकाळी ते गिटार मांडीवर घेत आणि एकच गाणं वाजवत, त्यांच्या कॉलेजच्या दिवसांत गाजलेलं, परदेशातलं, दणदणीत रॉक गाणं. मूळ गाण्यात म्हणे विजेवरच्या गिटारी आणि ड्रम नुसते कोसळतात. पण यजमान ते साध्या लाकडी गिटारवर असं हळुवार वाजवत की माईंचे हात कामात थांबून जात. शब्द त्यांना आजतागायत कळले नव्हते. चाल मात्र श्वासात मुरली होती, कपडे वाळत घालतानाही ती आपसूक ओठांवर यायची. आता त्या चालीला हक्काचं लाकूडसुद्धा उरलं नव्हतं!

शुक्रवारी साठी उलटलेल्या माई सुनेच्या मागावर निघाल्या. सून चष्म्याच्या दुकानातून निघाली, बेकरीपाशी वळली आणि एका अरुंद दुकानात शिरली. दारावर पाटी होती, 'जुनी वाद्ये दुरुस्त करू, विकत घेऊ'. माईंनी काचेतून डोकावलं. आत म्हातारा दुकानदार बसला होता, आणि त्याच्या मांडीवर यजमानांची गिटार होती! कडेचा तो शाईचा डाग त्यांनी हजारांत ओळखला असता.

विकली! ज्याचं तोंडसुद्धा पाहिलं नाही त्या सासऱ्याची शेवटची खूण हिने विकून टाकली! त्या तशाच घरी परतल्या.

सून घरी आली तेव्हा माई भरलेली बॅग पायाशी घेऊन बसल्या होत्या आणि मुलगा रडकुंडीला येऊन समोर उभा होता.

"बहिणीकडे चालले मी, कायमची," माई म्हणाल्या. "त्यांची गिटार या घरात राहिली नाही, तर मी तरी कशाला राहू? मागितलं असतंस तर माझे दागिने दिले असते गं... पण तेवढं एक ठेवायचं होतंस!"

"अगं माई, ऐक तरी—" मुलगा म्हणाला.

"तू बोलू नकोस!"

सुनेचा चेहरा पांढराफटक पडला. ती आल्या पावली उलटी फिरली आणि जिना उतरून गेली. परतली ती धापा टाकत, जुन्या चादरीत गुंडाळलेली गिटार छातीशी धरून.

"विकली नाही, माई," तिला हुंदका आवरेना. "तारा गंजून तुटल्या होत्या. दुरुस्तीला नेली आणि त्या वाद्यांच्या दुकानातल्या काकांकडेच शिकायला लागले. तुम्हाला विचारलं असतं तर हात लावू दिला असतात?"

माईंची नजर चादरीतून डोकावणाऱ्या शाईच्या डागावर गेली.

"तुम्ही ते गाणं गुणगुणता, तेव्हा दर वेळी एकाच जागी थांबता. मला वाटलं, तेवढं तुम्ही विसरलात. म्हटलं, पूर्ण शिकून बाबांच्या वाढदिवशी ऐकवावं. बोटं सोलून निघाली, दुकानात हातातून स्क्रू निसटायचे, मालक रोज ओरडायचे... पण तुम्ही थांबता तिथली कॉर्ड, अनेक तारा एकदम दाबून काढायचा तो सूर, आली मला! चारही बोटं लागतात तिला. आणि परवा काका म्हणाले, ही गिटार बघ, जिथे जिथे बोटं पडली तिथे लाकूड झिजलंय. फक्त या कॉर्डमध्ये करंगळी पडते ती जागा कोरी आहे. इथे कुणी बोट ठेवलेलंच नाही. घरी येऊन ह्यांना विचारलं, तेव्हा मला बाबांच्या करंगळीचं कळलं." तिने डोळे पुसले. "तुम्ही विसरला नव्हता, माई. बाबा थांबायचे, तिथेच तुम्ही थांबत होता."

माईंनी तिचा डावा हात ओढून घेतला. बोटांची टोकं कडक झाली होती, घट्टे पडलेली... अगदी यजमानांच्या बोटांसारखी! दोन महिने या हाताकडे आपण कोणत्या नजरेने पाहिलं! शरमेने त्यांची मान खाली गेली.

"वाजव," त्या कशाबशा म्हणाल्या.

सुनेने गिटार मांडीवर घेतली. ती अडखळत, चुकत वाजवत होती, पण चाल तीच होती. मुलगा भिंतीला टेकून उभा राहिला. या वेळी तो बाहेर पळाला नाही. ती जागा जवळ आली. सुनेने कॉर्ड सोडून दिली आणि बाबांच्या अंगठ्याने पॉलिश उडालेल्या लाकडावर एक ठोका दिला.

"अं हं," माईंनी मान हलवली. "दोन. करंगळीच्या जागी दोन ठोके द्यायचे ते."

आणि सहा वर्षांत कधीही न शिवलेल्या त्या लाकडावर माईंनी स्वतःच्या हाताने दोन ठोके दिले, आणि सुनेने पुढची चाल उचलली.