कडेचा माणूस

लेन्स पुसायला देण्यात भिण्यासारखं काय असतं? चष्मा पुसतो तशी ती पुसायची. कॅमेरे दुरुस्त करायच्या त्या कारखान्यात रोज कोणी ना कोणी लेन्सची पेटी घेऊन यायचं आणि ती भिंगताईच्या टेबलावर जायची. तिचं खरं नाव तिथे कोणी घेत नसे. समोरच्याचं बोलणंसुद्धा ही भिंगाखाली धरून बघते, असं लेथवाले काका म्हणायचे. तेव्हापासून ती भिंगताई.

त्या दुपारी पेटी घेऊन खुद्द दिग्दर्शक आला. एरवी असली माणसं ड्रायव्हरला पाठवतात.

"चित्राच्या उजव्या कडेला डाग येतोय," तो म्हणाला. "प्रत्येक शॉटमध्ये. उद्या शूटिंग आहे. आजच काढून दे."

भिंगताईने पेटी उघडली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लेन्सच्या कड्यावर पांढरी पट्टी चिकटवलेली होती आणि पट्टीवर अंतराच्या खुणा होत्या, दादाच्या हातच्या. दादा तिचा थोरला भाऊ. कॅमेऱ्याचा फोकस सांभाळणं हे त्याचं काम. याच माणसाच्या शूटिंगला, कठडा नसलेल्या गच्चीवरून तो खाली पडला. दादा गेला आणि लेन्स मात्र कामाला लागलेलीच राहिली.

ही लेन्स रुंद पडद्याची, अ‍ॅनामॉर्फिक. समोरचं ऐसपैस दृश्य ती दोन्ही बाजूंनी आवळून कॅमेऱ्यात कोंबते. कच्च्या चित्रात माणसं काटकुळी, उंचच्या उंच दिसतात. मग ते चित्र आडवं ताणलं की माणसं माणसांसारखी होतात आणि पडदा रुंद होतो. दिसतं देखणं, पण या फ्रेममध्ये सगळंच येतं. कामाच्या माणसांना उभं राहायला जागा उरत नाही. गच्चीवर तर नाहीच.

चौकशीत दिग्दर्शकाने नाकाने कांदे सोलले. माणूस बेसावध होता, आपण होऊन मागे सरकला, म्हणे. दादा! जो आपल्या जागेवरून सांगितल्याशिवाय तसूभर हलायचा नाही, तो बेसावध! मेलेल्याला तोंड नसतं, काय वाटेल ते ढकला त्याच्यावर. आई अजून जेवता जेवता थांबायची आणि विचारायची, "तो खरंच बेसावध होता का गं?" चौकशी अजून मिटली नव्हती. गच्चीवर त्या दोघांत काय बोलणं झालं ते सांगू शकणारा माणूस जगात एकच होता आणि तो आता तिच्या टेबलापुढे घड्याळ बघत उभा होता. तिला तो ओळखणार कसा? दादाला पोचवायला तो आलाच नव्हता.

तिने लेन्स उघडून काचा दिव्यापुढे धरल्या. सगळ्या स्वच्छ होत्या.

"शॉट दाखवा."

त्याने टॅबलेट पुढे केला. चित्राच्या उजव्या कडेला खरंच काहीतरी होतं. पसरट, फिकट, कणकेचा गोळा लाटल्यासारखं.

"ताणलेलं नको. कच्चं चित्र दाखवा."

त्याने बोट फिरवलं. नट काड्यांसारखे बारीक झाले, मागच्या खिडक्या चिंचोळ्या झाल्या आणि कडेचा डाग गोळा होऊन माणूस झाला. चांगला, मापात बसलेला माणूस. उलटी टोपी, कमरेला मोजायचा टेप.

भिंगताईच्या हातातलं फडकं खाली पडलं. सगळं जग आवळणाऱ्या लेन्सने एकट्या त्याला आवळलं नव्हतं. म्हणजे तो लेन्सच्या समोर नव्हताच... तो आत होता.

"कोण आहे हा?" दिग्दर्शकाचा आवाज खाली आला होता.

"तुम्हीच सांगा," ती म्हणाली. "आत या. तपासायला समोर माणूस लागतो."

तपासणीची खोली चारही बाजूंनी काळी. भर दुपारीही तिथे डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही. यंत्राच्या तेलाचा वास, पंख्याची घरघर. तिने लेन्स कॅमेऱ्याला लावली, एकच छोटा दिवा पेटवला आणि दिग्दर्शकाला भिंतीपुढे उभं केलं. पडद्यावर दिग्दर्शक उमटला, काटकुळा, लांबट चेहऱ्याचा. त्याच्या शेजारी दादा. खोलीत तिथे कोणी नव्हतं.

"पडद्याकडे बघा, साहेब. आता सांगा, गच्चीवर काय म्हणाला होतात त्याला?"

"मी... काही नाही."

"ताकाला जाऊन भांडं कशाला लपवताय? मी त्याची बहीण आहे."

पंखा घरघरत राहिला. पडद्यावर दादाचे ओठ हलत होते. दिग्दर्शकाने कान दिला, जणू त्याला ऐकू येत होतं. त्याच्या कपाळावर घाम फुटला.

"तो फ्रेममध्ये येत होता," तो कुजबुजला. "मी म्हटलं, मागे हो. तो म्हणाला, मागे जागा नाही... मी म्हटलं, अजून थोडं. बस. एवढंच म्हटलं."

भिंगताईने खटकन मोठा दिवा लावला.

"एवढंच चौकशीत सांगा. लेन्स इथे राहू दे. ही आता कामाची नाही."

उजेड होताच माणूस बदलला. त्याने घाम पुसला, कॉलर नीट केली. "मी काही बोललेलो नाही. तुझ्या शब्दाला कोण विचारतो? लेन्स दे. पुसलीस ना?"

तिला त्याला थांबवता आलं असतं. लेन्सच्या आत काय आहे ते तिने पाहिलं होतं. पण आईचा अर्धा टाकलेला घास तिच्या डोळ्यांपुढे आला.

"लख्ख पुसली," ती म्हणाली आणि पेटी बंद करून तिने त्याच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिला दादाच्या जागी लागलेल्या सहायकाचा फोन आला. शूटिंग उघड्या माळावर होतं. "साहेब मॉनिटरकडे बघत एकेक पाऊल मागे सरकत होते गं. 'बास, बास' म्हणत होते कोणालातरी... आणि पडले. खाली सपाट जमीन, दगडसुद्धा नाही. डॉक्टर म्हणतात, उंचावरून पडल्यावर मोडतात तशी हाडं मोडलीत. गेले."

फोन ठेवल्यावर तिला बरं वाटलं, अगदी मनापासून. मग हळूहळू कळलं की खरं सांगू शकणारं एकमेव तोंड आता कायमचं मिटलं आणि ते तिनेच मिटू दिलं. त्या रात्री आईने पुन्हा तेच विचारलं. ती ताटावरून उठून गेली.

लेन्स तपासणीला परत आली ती तिच्याच टेबलावर. तिने ती काळ्या खोलीत लावली. समोर लेथवाले काका उभे राहिले, ताकदवान गडी, पण पडद्यावर उसासारखे बारीक. उजवी कड रिकामी होती. दादा नव्हता, दुसरंही कोणी नव्हतं. भिंगताईच्या डोळ्यांत पाणी आलं.

"चल भिंगे, आता तू उभी राहा," काका हसत म्हणाले. "कधी नव्हे ती बारीक झालेली बघू तुला."

ती भिंतीपुढे जाऊन उभी राहिली. काकांनी पडद्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे आणि पुन्हा पडद्याकडे. हसू ओसरलं. त्यांनी नेहमीच्या सवयीने लेन्स एकदा हलवून घट्ट बसवली.

"अगं..." ते म्हणाले, "तुला ही आवळत का नाही?"