कालसेनाला रोज कोण उठवतं?

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि कल्पना करा, की तुमच्या घरातली वीज गेली आहे. तुम्ही वीज कंपनीला फोन लावता. पलीकडून एक शांत आवाज म्हणतो, "मी हेमंत बोलतोय. काय अडचण आहे? सावकाश सांगा." तुम्हाला बरं वाटतं. आता एवढीच कल्पना आणखी करा, की हा हेमंत नावाचा माणूस गेल्या श्रावणात वारला आहे.

कराडमध्ये आता याचं कुणाला नवल वाटत नसे. दीपगंगा वीज कंपनीने आपल्या जुन्या कर्मचाऱ्यांच्या स्वरप्रती करून ठेवल्या होत्या. माणूस वर्षानुवर्षं फोनवर जे बोलला ते सगळं यंत्राला ऐकवायचं. यंत्र त्याची ढब शिकतं, आणि नव्या प्रश्नालाही त्याच्याच ढंगात उत्तर देतं. ढब तेवढी शिकतं. आठवणी त्याच्यात येत नाहीत. हेमंतचा आवाज ऐकला की चिडलेली माणसंही निवत, म्हणून तो गेल्यावर कंपनीने घरी येऊन परवानगी मागितली. "निदान आवाज तरी राहील," असं त्याची बहीण म्हणाली, आणि त्याच्या बायकोने मान डोलावली. तेव्हापासून वीज गेली तरी ती कंपनीला फोन करत नसे. अंधारात बसून राही.

हेमंतची मुलगी शाल्मली मात्र रोज फोन करी.

त्या रविवारी दुपारी शाल्मली, रुबिना आणि राजवर्धन इमारतीच्या गच्चीवर, टाकीच्या सावलीत, फाशांचा कथाखेळ खेळत बसले होते. या खेळात एकजण गोष्ट रचतो, बाकीचे तिच्यातली पात्रं होतात, आणि वीस बाजूंचा फासा टाकून कुणाचा डाव साधला ते ठरतं. गोष्ट शाल्मलीची होती. तिच्यातला खलनायक होता कालसेन, अंधार महामंडळाचा मुख्य अधिकारी. तो मेला होता, तरी रोज कचेरीत येई आणि नगरातले दिवे विझवी. कितीही तलवारी चालवल्या तरी तो पडत नव्हता.

"हा असा झाला कसा?" रुबिनाने विचारलं.

"लोभी होता. अमृत प्यायला."

"हॅ! सगळे दुष्ट तेच करतात," राजवर्धन शेंगा सोलत म्हणाला. "दुसरं काहीतरी सांग."

"आणि मेल्यावरही कचेरीत जायला कुणाला आवडतं गं?" रुबिना म्हणाली. "माझे अब्बू जिवंतपणीसुद्धा सोमवारी कुरकुरतात."

शाल्मली हसली. मग हसता हसता थांबली. चटईवर मांडलेल्या नकाशात, नदीच्या अलीकडे, एक चिंचोका ठेवलेला होता. तो नावाडी. बाबांचं पात्र. दर रविवारी बाबा त्यांच्यात खेळायला बसत. एका रविवारी नावाडी नदीपाशी पोचला आणि वीज गेली. बाबांना कामावरून बोलावणं आलं. "उरलेला डाव पुढच्या रविवारी," असं म्हणून ते गेले. पुढचा रविवार त्यांना मिळाला नाही.

"त्याला राहायचंच नव्हतं," ती हळू म्हणाली. "तो मेला, तेव्हा त्याच्या पिंडाला कावळा शिवला नाही. काहीतरी राहिलं होतं त्याचं. मग महामंडळवाले म्हणाले, तोवर आमच्याकडे कामाला ये."

राजवर्धनच्या हातातली शेंग तशीच राहिली.

शाल्मलीला संगमावरचा घाट दिसत होता. दहाव्या दिवशी पिंड ठेवून सगळे लांब उभे राहिले होते. काका हात जोडून म्हणाले, "पोरीचं शिक्षण आम्ही करू." आई म्हणाली, "घर सोडून जाणार नाही." कावळे भिंतीवर बसून होते, पण खाली एकही उतरला नाही. काय राहिलंय ते शाल्मलीला पक्कं ठाऊक होतं. पण एवढ्या मोठ्या माणसांपुढे, तिथे, खेळाचं नाव कसं काढायचं? ती गप्प राहिली. ऊन चढलं. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.

म्हणूनच बाबा गेले नाहीत, असं तिला वाटे.

"भारी आहे," रुबिना म्हणाली. "पण मेलेला माणूस आपला आपण कसा उठेल? त्याला रोज हाक मारणारं कुणीतरी असेल. कोण उठवतं कालसेनाला?"

"महामंडळ," शाल्मली पटकन म्हणाली.

"महामंडळ कशाला उठवेल? अम्मी दीपगंगात आहे ना, ती सांगत होती. ज्या आवाजाला महिनाभर कुणी नावाने मागत नाही, तो आवाज ते पुसून टाकतात. ठेवायला खर्च येतो." रुबिनाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझ्या बाबांचा आहे अजून. म्हणजे कुणीतरी रोज मागत असणार बघ."

शाल्मलीने फासा मुठीत घट्ट धरला. त्याची टोकं तळव्याला टोचली.

"आले मी," म्हणून ती जिन्यात गेली आणि तिने फोन लावला.

"आवडीच्या आवाजासाठी नाव सांगा."

"हेमंत."

"नमस्कार, मी हेमंत बोलतोय. काय अडचण आहे? सावकाश सांगा."

घरीसुद्धा ते असंच म्हणत. गुडघा फुटला, गणित चुकलं, तरी आधी, सावकाश सांग.

"बाबा," ती म्हणाली, "आपला डाव अर्धा राहिलाय. मी तेव्हा घाटावर बोलले नाही, मला लाज वाटली. तुमचा नावाडी अजून अलीकडेच आहे. त्याला मी पलीकडे नेईन. डाव मी पुरा करीन."



"माफ करा, ही तक्रार माझ्याकडे नोंदवता येत नाही. आपल्या भागातला पुरवठा सुरळीत आहे. आणखी काही मदत हवी आहे का?"

रोज या प्रश्नाला ती "हो" म्हणे. हो म्हटलं की ते आणखी थोडा वेळ बोलत. दिव्याबद्दल, मीटरबद्दल, कशाबद्दलही. मुलांनो, तुम्ही असतात तर काय म्हणाला असतात?

शाल्मलीने भिंतीला डोकं टेकलं. "नाही, बाबा," ती म्हणाली. "आता काही नको."

"धन्यवाद. काळजी घ्या."

फोन तिने ठेवला नाही. त्यांनी ठेवेपर्यंत ती थांबली.

मग गच्चीवर येऊन तिने फासा रुबिनाच्या हातात दिला, आणि चिंचोका उचलून नदीच्या अगदी काठावर ठेवला.

"टाक," नाक पुसत ती म्हणाली. "बघू, नावाडी आज पलीकडे पोचतो का?"