बाभळीवरचा गोंडा

"गेट उघडंच होतं!" दिवाळीच्या सुट्टीला सांगलीहून आलेली सृष्टी ठामपणे म्हणाली. "दांड्यावर साधा ओरखडा तरी आहे का? गेट बंद असतं, तर ट्रॅक्टरनं ते मोडलं नसतं?"

"व्हय की गं! लय डोकं हाय तुला!" वाडीतला कुणाल म्हणाला.

समीक्षाचा नुसता जळफळाट झाला. ही आतेबहीण वाडीत आल्यापासून हेच चाललं होतं. विहिरीत पहिला सूर सृष्टीचा, किल्ला सृष्टी म्हणेल तसा, आणि आईसुद्धा गरम करंजी आधी तिलाच देणार! आता अपघाताचा तपासही तिचाच!

काल सकाळी इथल्या रेल्वे फाटकात पॅसेंजरनं उसाच्या ट्रॉलीला उडवलं होतं. ट्रॅक्टर रूळ ओलांडून गेला, मागची ट्रॉली गाडीच्या तडाख्यात सापडली. नशीब, जीव कुणाचा गेला नाही! पण "फाटक उघडं हुतं," असं ड्रायव्हर मानसिंग छातीठोकपणे सांगत सुटला होता. गेटमन नाथाजीला कामावरून थांबवलं होतं आणि आज रेल्वेचे साहेब चौकशीला आले होते.

"आबा खोटं न्हाई बोलत," नाथाजीचा मुलगा धुळा रडवेला होऊन म्हणाला. "गेट लावून, झेंडा घेऊन गाडीकडं तोंड करून हुबं हुतं ते."

"मग ओरखडा का नाही?" सृष्टीनं विचारलं. धुळा बाहीनं डोळे पुसू लागला.

समीक्षाला त्याची कीव आली. पण खरं सांगायचं तर, सृष्टीला खोटं पाडायची हौस त्याहून मोठी होती!

"मी बघते!" म्हणत ती एकटीच निघाली.

फाटकाशेजारी कुंपण कधीचंच मोडलेलं होतं. चाकांच्या खुणा म्हणाव्यात, तर कालच्या गर्दीनं सगळी माती तुडवलेली. ती हिरमुसून मागं फिरणार, तोच तिथल्या बाभळीच्या फांदीनं तिची वेणी धरली. सोडवताना तिनं वर पाहिलं. उंच फांद्यांत उसाचं पाचट लोंबत होतं! एक फांदी ताजी मोडलेली, आणि तिच्यात काहीतरी लाल अडकलेलं!

ती सरसर वर चढली. काट्यांनी हात ओरबाडले, पण माघार घेतली असती तर ती समीक्षा कसली?

"साहेब! ट्रॅक्टर इथनं घुसलाय! बंद गेटाला वळसा घालून!" ती ओरडतच साहेबांकडे आली. तिच्या मुठीत आरसे लावलेला लाल गोंडा होता.

"आवं, कुणाचाबी असंल त्यो!" मानसिंग खेकसला.

रस्त्याकडेला त्याचा ट्रॅक्टर उभा होता. सृष्टी पळतच त्याच्याकडे गेली. "साहेब, इकडे बघा! टपाला उजवीकडे अगदी असाच गोंडा आहे. डावीकडे नुसती तुटकी दोरी!"

मानसिंगचं तोंड उतरलं. "कारखान्यावर नंबर मागं पडंल म्हणून... गाडी लांब हाय असं वाटलं, साहेब," तो पुटपुटला.

धुळा आबांना जाऊन बिलगला.

"शाब्बास, पोरी!" साहेब समीक्षाला म्हणाले. "एका निरपराध माणसाची नोकरी वाचवलीस!"

समीक्षानं ऐटीत सृष्टीकडे पाहिलं.

"साहेब, मी तर सगळ्यांना गेट उघडं होतं म्हणून सांगत होते," सृष्टी म्हणाली. "मी चुकले. धुळा, माफ कर हं!"

"वा! चूक अशी चारचौघांत कबूल करायला मोठं मन लागतं!" साहेबांनी तिची पाठ थोपटली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात मोठ्या टाळ्या कुणालच्या!

समीक्षानं कपाळावर हात मारला. "हिचा चुकण्यातसुद्धा पहिला नंबर!"

आणि मग तिलाच हसू फुटलं.