पांढऱ्या पुडीचं काळं नाव

"माझ्या बाबांनी चूक केली नाही," मुलगी खुर्चीच्या कडेवर टेकत म्हणाली.

बाबा दवाखान्यात कंपाउंडर. मोठे डॉक्टर दर रविवारी कॅलोमेलची, म्हणजे पाऱ्यापासून केलेल्या जुन्या रेचकाची, एक पुडी घेत. या रविवारी घेतली आणि संध्याकाळपर्यंत गेले. बरणीत निघाला पाऱ्याचाच दुसरा क्षार. तसाच पांढरा, पण जहाल विष. बरणी भरायचं काम कंपाउंडरचं, म्हणून ते कोठडीत.

"कॅलोमेल म्हणजे 'सुंदर काळं'. जुना ग्रीक शब्द आहे. पांढऱ्याला काळं का म्हणतात, ते बाबा परीक्षेनंतर दाखवणार होते."

"नाव ठेवणाऱ्याला मोतीबिंदू असेल," भाऊजी म्हणाले. त्यांच्या वहिनी खाजगी तपास करत. त्या हसल्या नाहीत.

दवाखान्यात डॉक्टरांचा पुतण्या भेटला. "औषधांतलं मला ओ की ठो कळत नाही. काका अस्वस्थ होते. धाकट्या डॉक्टरांच्या हयगयीनं एक बाळंतीण गेली. त्यांच्याविरुद्ध पत्र लिहीत होते."

धाकटे डॉक्टर शांत होते. "कंपाउंडर थकलेत हो. मी त्या बरणीला हातही लावलेला नाही. माझ्या खोलीला कुलूप असतं, किल्ली माझ्याकडे."

बाहेर सफाईवाल्या मावशींच्या बादलीतल्या अमोनियानं भाऊजींचं नाक झोंबलं.

"सोमवारी धाकट्या डॉक्टरांनी आपली खोली उघडून दिली," मावशी कुरकुरल्या. "याच पाण्यानं बेसिन घासलं, तर जाळीपाशी काळंकुट्ट. वर बोलणी मलाच."

"माणूस मेलाय आणि यांना बेसिनचं पडलंय," भाऊजी पुटपुटले.

"मलाही," वहिनी म्हणाल्या.

दोन दिवसांनी सगळ्यांना औषधांच्या खोलीत बोलावलं. कंपाउंडरनाही आणलं होतं. वहिनींनी बरणीतल्या चिमटीवर अमोनियाचा थेंब टाकला. ती पांढरीच राहिली.

"हे विष. कॅलोमेल असतं तर काळं पडलं असतं. नाव त्यावरूनच पडलं म्हणतात. कॅलोमेल पाण्यात विरघळत नाही, जाळीत अडकून बसतं. म्हणजे बरणी बरोबरच भरली होती. कुणीतरी खरी पूड बेसिनमध्ये ओतून विष भरलं. तेही धाकट्या डॉक्टरांच्या कुलूपबंद खोलीत."

"बेसिन कशानंही काळं पडतं," धाकटे डॉक्टर म्हणाले.

"जाळी तपासून घेतली. पारा निघाला."

धाकटे डॉक्टर खाली बसले. फौजदार त्यांच्यामागे जाऊन उभा राहिला.

वहिनींनी कॅलोमेलची नवी, सीलबंद बाटली फोडली आणि अमोनियाचा ड्रॉपर कंपाउंडरच्या हातात दिला. "लेकीला दाखवायचं राहिलंय ना?"

त्यांनी चिमूटभर पूड कागदावर काढली. मुलीनं त्यांचं मनगट धरलं. थेंब पडला, आणि पांढऱ्या पुडीवर हळूहळू काळं उमललं.

"सुंदर आहे, बाबा," ती म्हणाली.