जागेवर आहेस ना?

ही घडलेली गोष्ट आहे. माझ्या मावसभावाच्या घरात घडलेली. दादा थापा मारणाऱ्यातला नाही. थाप मारायलाही कष्ट पडतात, आणि हा पहिल्या नंबरचा अंगचोर!

रविवार होता. रात्र वगैरे नाही, चांगली भर दुपार.

दादा चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. रविवारी सुट्टी. जेवण उरकून, आतल्या खोलीचं दार लोटून तो ऑनलाइन गेम खेळायला बसला होता. तिघांची टीम. दादा, एक बस ड्रायव्हर आणि आत्या.

आत्या म्हणजे यांच्यापैकी कोणाचीच आत्या नव्हे. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या बाई. कोणी कोणाला पाहिलेलं नव्हतं, ओळख ती हेडफोनमधल्या आवाजाची. पडलेल्यांना उठवायचं काम आत्यांचं. कोणाचा गडी पडला की जवळ जाऊन बटण दाबून धरायचं. हिरवी पट्टी पूर्ण भरली की तो उठून उभा.

आणि मधूनमधून, जुन्या नोकरीच्या सवयीने, त्या विचारायच्या, "जागेवर आहेस ना?"

दादा "आहे, आहे" म्हणायचा.

आणि नसायचा.

या गेममध्ये हालचाल थांबली की बाहेर काढतात. म्हणून हा पठ्ठ्या कंट्रोलरच्या दांडीला रबर बँड अडकवून ठेवायचा. त्याचा गडी तिकडे गोल गोल फिरत राहायचा आणि हा बाहेरच्या खोलीत सोफ्यावर आडवा. लढायचं त्या दोघांनी, बक्षीस मात्र तिघांत सारखं.

त्या रविवारी ड्रायव्हरला ऐनवेळी ड्युटी लागली.

आत्या म्हणाल्या, "मला जरा बरं वाटत नाहीये रे. पण तू आहेस ना सोबतीला? मग खेळू थोडं."

"आहे की! बिनधास्त खेळा, आत्या."

रबर बँड अडकवला आणि गेला झोपायला.

उठून येऊन बघतो तर... आत्यांचा गडी जमिनीवर पडलेला. माईक चालू. दादाने दोनतीनदा हाका मारल्या. कंटाळून उठल्या असतील, असं म्हणून त्याने गेम बंद केला.

बुधवारी ड्रायव्हरचा फोन आला.

"अरे, आत्या गेल्या. रविवारी, खेळता खेळताच. हेडफोन कानात तसेच होते म्हणे. तू होतास ना? काही बोलल्या का रे? हाक वगैरे मारली?"



"नाही," दादा म्हणाला. "शेवटपर्यंत काहीच बोलल्या नाहीत."

आयुष्यात पहिल्यांदा त्याने कष्ट घेऊन थाप मारली.

पुढच्या रविवारी त्याला राहवेना. गेम लावला. टीममध्ये कोणीच नव्हतं. तरी हाताच्या सवयीने रबर बँड अडकवला आणि पाणी प्यायला उठला.

उंबऱ्याशी पोचतोय तोच... टेबलावरच्या हेडफोनमधून...

"जागेवर आहेस ना?"

तो तसाच मागे धावला. रबर बँड जागच्या जागी होता. दांडी ओढलेली होती. पण त्याचा गडी फिरत नव्हता... तो खाली मान घालून उभा होता.

त्याच्या पायाशी आत्यांचा गडी पडला होता.

दादाने बटण दाबून धरलं. पट्टी भरायला लागली. हळू... फार हळू. संध्याकाळपर्यंत अर्धीही भरली नाही. अंगठा सुटला आणि पट्टी पुन्हा रिकामी.

तेव्हापासून दर रविवारी हेच. आमच्या अंगचोर दादाच्या अंगठ्याला घट्टा पडलाय, सांगून कोणाला खरं वाटेल का?

मागच्या महिन्यात एकदा पट्टी जवळजवळ भरत आली. एवढीशी उरली होती. पण सकाळपासून बसलेला माणूस, किती वेळ दम काढणार?

"अगं, इकडे ये! हे धर. अंगठा उचलायचा नाही. मी बाथरूमला जाऊन आलोच."

"काय बाई खूळ हे!" म्हणत वहिनीने हेडफोन चढवले आणि बटण धरलं.

तेवढ्यात स्वयंपाकघरात दूध उतू जायला लागलं. वहिनीने इकडेतिकडे पाहिलं. टेबलावर रबर बँड पडला होता. तिने तो ताणून बटणावर चढवला आणि उठली. हेडफोन काढायला हात वर नेला, तर कानात...

"सूनबाई... तोही गेला, आणि तूही निघालीस?"

आवाज थकलेला होता. रागाचा नव्हता. वहिनी म्हणते, रागाचा असता तर बरं झालं असतं.

पट्टी रिकामी झाली.

वहिनी आत्यांशी याआधी कधी एक शब्दही बोलली नव्हती. आता रविवारी दोघं पाळीपाळीने बसतात.

परवा मी गेलो होतो. दोघांचे डोळे खोल गेलेले. वहिनी म्हणाली, "भाऊजी, जरा वेळ धरता का? आम्ही दोघं चार घास खाऊन घेतो."

"धरतो की," मी म्हणालो. आणि काहीतरी काम आठवल्याचं सांगून काढता पाय घेतला.

जिना उतरत होतो. खिशातला फोन वाजला. अनोळखी नंबर.

तेव्हापासून रोज भर दुपारी येतो. मी अजून उचललेला नाही.