एरंगळच्या खडकातला मासा

एकाहत्तर सालचा मार्च. अंधेरीच्या बाजारात मथुराच्या मासळीच्या पाटीशेजारी डब्यात एक जिवंत मासा फिरत होता… करंगळीएवढा, काळानिळा, अंगावर पांढऱ्या उभ्या रेघा.

"हा केवढ्याला गो?" एक तरुण वाकून विचारत होता.

"विकायचा नाही. आणि तुझ्या कालवणाला पुरायचाही नाही!"

"खातो कोण? साकीनाक्याला काचेच्या टाक्या बनवतो मी. धाकू. ह्याला घर देईन."

मथुरानं डब्यात पाहिलं. असे मासे तिला बा दाखवायचा, मढला, एरंगळच्या खडकातल्या डबक्यात. बाची होडी गेल्या आश्विनात परतली नव्हती. आज ते डबकं आटत होतं, म्हणून तिनं ह्याला उचलून आणलं होतं.

का कोण जाणे, तिनं डबा त्याच्या हातात दिला.

मग दर रविवारी धाकू वेसाव्याहून समुद्राचं पाणी भरून नेताना बाजारात थांबायचा. माशाची खबर द्यायचा, तिच्याकडं बघत उगाच बोंबील घ्यायचा. एकदा धीर करून म्हणालाच, "लग्न करशील माझ्याशी?"

"बाचा मासा आधी वर्षभर जगव. मग बोल."

दिवाळी झाल्यावर ती न सांगता त्याच्या कारखान्यात आली. टाकीत तळहाताएवढा मासा होता. मधासारखा तपकिरी, शेपूट पांढरी, कल्ल्यापासून पाठीकडं वळत गेलेल्या झगझगीत निळ्या रेघा.

"हा माझा नाही."

"हाच तो."

"तो मेला, आणि तू दुसरा आणून टाकलास. मेला म्हणून मी नाही म्हटलं नसतं रे… पण खोटं कशाला?"

धाकूनं टाकीमागचा दिवा लावला. "शेपटीकडं बघ."

मासा वळला. तपकिरी अंगाखाली तीन पांढऱ्या उभ्या रेघा, पाटीवरून पुसत आलेल्या खडूसारख्या…

"मोठे झाले की रंग बदलतात हे. मला तरी कुठं ठाऊक होतं? एकेक रेघ पुसायला लागली, वाटलं आजारी पडला."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू विश्वास ठेवशील… असं वाटेना."

मथुरानं काचेवर बोट टेकलं. "हे मोठे बाच्या जाळ्यात यायचे कधीकधी. तो वेगळेच समजायचा. त्याला सांगायला हवं होतं…"

धाकूनं काच पुसायच्या फडक्याचं स्वच्छ टोक शोधून तिच्यापुढं धरलं.

तिनं डोळे पुसल्यावर तो म्हणाला, "वर्षाला अजून चार महिने आहेत. थांबतो मी."

"रविवारी आईला घेऊन येतेय. बघायला."

"मासा?"

"मासा पण," ती म्हणाली.