निळी फुली

ज्याच्या दृष्टीला बंद दार आड येत नाही आणि ज्याच्या कानाआड कोणतीही हाक जात नाही, त्या करुणाघनाच्या चरणी मस्तक ठेवून मग मी बोलतो. जरा जवळ सरकून बसा. दिव्याची वातही थोडी वर करा.

सुट्ट्या तोंडावर आल्या होत्या. जावयांच्या घरी पाहुणे उतरायचे होते. त्याआधी घरातली अडगळ काढायची, आणि तीही मुलांच्या हातून, असे माझ्या मुलीने मनात घेतले होते. वस्तूंचा मोह लहानपणीच सुटावा, हा तिचा हेतू. मी मदतीला म्हणून गेलो.

तिने मुलांना नियम घालून दिला: ठेवायच्या वस्तूवर गोल काढायचा, काढून टाकायच्या वस्तूवर फुली; आणि ज्याची वस्तू त्यानेच खूण करायची. नातीने, आमच्या चिमणीने, त्यासाठी कुठूनसा निळा खडू शोधून आणला. शिवणकाम करणारे कापडावर खुणा करतात तसला, चपटा, मेणाचा.

"आत्याआजीच्या डब्यात होता," ती म्हणाली.

आत्याबाई म्हणजे जावयांची आत्या. आईबापाविना राहिलेल्या या भाच्याला त्या माउलीने लोकांचे कपडे शिवून वाढवले, शिकवले. पुढे तिची नजर गेली, मग स्मृती गेली. घरी कोणीही आले की टेप घेऊन पुढे यायची आणि "हात वर करा, माप घेते" म्हणायची. गेल्या सुट्टीत मी आजारी पडलो, म्हणून मुलगी मुलांना घेऊन माझ्याकडे आली होती. त्याच दिवसांत आत्याबाई गेली. झोपेतच गेली, असे जावयांनी सांगितले आणि आम्ही ते ऐकून घेतले.

सकाळ हसतखेळत गेली. धाकट्या टिल्लूने तर दिसेल त्या वस्तूवर गोल काढण्याचा सपाटा लावला.

"अरे, तू केराच्या टोपलीवरपण गोल काढलास?" चिमणी म्हणाली.

"मग कचरा कशात टाकणार? तुझ्या दप्तरात?"

इतक्यात जावई आले. मागच्या खोलीतल्या शिलाई मशीनकडे बोट दाखवून म्हणाले, "यावर फुली मारा. पाहुण्यांसाठी खोली रिकामी हवी."

"पण बाबा, ज्याची वस्तू त्यानेच..."

"आता माझंच आहे ते." त्यांनी खडू हिसकावून घेतला आणि मशीनच्या फळीवर ठसठशीत फुली मारली. मग चिमणीने खडू उचलून आपल्या खिशात ठेवला.

जेवणानंतर पाहतो तो मशीनवरची फुली नाहीशी झालेली, आणि तिच्या जागी एक सुबक गोल. फुल्या दुसरीकडे उमटल्या होत्या. जावयांच्या बुटांवर, त्यांच्या आरामखुर्चीच्या पाठीवर, त्यांच्या चहाच्या कपावर. घरातल्या अन्य कोणाच्या वस्तूवर एकही नवी फुली नव्हती.

जावई मुलांवर कडाडले. टिल्लू आईच्या पदराआड लपला. चिमणी मात्र हलली नाही.

"आम्ही नाही काढल्या. आत्याआजी अशी काढायची. शेवटी बारीक आकडा असतो बघा तिच्या फुलीला, हुकासारखा." मग तिने विचारले, "बाबा, तुम्ही आत्याआजीवर फुली मारली होती का?"

मागच्या खोलीतून मशीनच्या तेलाचा आणि गरम ओलसर कापडाचा वास मंदपणे येत राहिला. त्या घरात कित्येक महिने कोणी काही शिवले नव्हते.

दुपार कलली तशी भंगारवाला हातगाडी घेऊन आला. त्या खोलीचे बाहेर उघडणारे दार भिंतीला टेकवून त्याच्यापुढे एक जुने कपाट उभे केलेले होते. त्याने ते ओढून काढले, दार हलवले आणि तो तिथेच थबकला.

"साहेब, ही कडी बाहेरून बसवलीय. आत काय गुरं बांधायची होती का?"

मी जवळ जाऊन पाहिले. कपाटाने झाकलेल्या दाराच्या आतल्या अंगावर, जमिनीलगत, निळ्या फुल्याच फुल्या होत्या. बसलेल्या माणसाचा हात जिथवर पोहोचेल तिथवरच. वरच्या फुल्या रेखीव होत्या. खाली येता येता त्या वाकड्या, पुसट होत गेल्या होत्या, आणि अगदी तळाशी नुसते ओरखडे होते.

भंगारवाल्याने मशीनला हात घातला. दोनदा जोर लावला, मग कपाळाचा घाम पुसला. "आजवर पुष्कळ मशीनं उचलली. हे काही उठत नाही. राहू द्या." कपाट तेवढे गाडीवर टाकून, मागे न पाहता तो निघून गेला.

मी जावयांना अंगणात बाजूला घेतले.

"जावईबापू, ती हाका मारत होती?"

ते बराच वेळ बुटांवरची फुली अंगठ्याने घाशीत राहिले. "कचेरीतले वरचे साहेब जेवायला आले होते, अण्णा. ती मध्येच येऊन माप घ्यायला लागली असती... म्हणून कडी लावली. ती दार वाजवायला लागली, तेव्हा मी गाण्यांचा आवाज वाढवला."

"आणि मग?"

"सकाळी उघडलं. तेव्हा शांत होती."

मी म्हणालो, "दिवस मावळायच्या आत त्या उंबऱ्यावर डोकं टेका. बायकोसमोर, लेकरांसमोर खरं काय ते बोला. ज्या हातांनी तुम्हाला घास भरवला, ते हात अजून क्षमा करतील. पण उशीर करू नका."

"म्हातारी अडगळच झाली होती, अण्णा," ते म्हणाले. "माणसं बोलत नाहीत एवढंच."

असे म्हणून ते वळले, आणि मला त्यांची पाठ दिसली. पांढऱ्या शर्टावर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, निळी फुली. शेवटी बारीक आकडा.

मुलीने शर्ट उतरवून घेतला. आत्याबाईकडूनच ती शिकली होती, मेणाच्या खडूची खूण इस्त्री फिरवली की विरून जाते. तिने इस्त्री फिरवली. फुली गडद झाली. पुन्हा फिरवली. ती कापडाच्या आरपार गेली आणि खालच्या चादरीवर उमटली.

"अण्णा..." ती एवढेच म्हणाली.

जावयांनी हातोडी उचलली. "आज त्या मशीनचे तुकडेच करतो." मी आडवा गेलो, मुलीने हात धरला. त्यांनी आम्हाला झिडकारले आणि ते मागे गेले.

सांज झाली होती. मुले भेदरली होती, म्हणून मी त्यांना पुढच्या खोलीत घेऊन बसलो आणि प्रार्थना सुरू केली. मुलगीही येऊन बसली. लेकरे भीतीपोटी नेहमीपेक्षा मोठ्याने म्हणत होती, टाळ्याही जोरात वाजत होत्या. आम्हाला दुसरे काही ऐकू आले नाही. देवाची शपथ, काहीही ऐकू आले नाही.

प्रार्थना संपली तेव्हा मागून मशीनचा आवाज येत होता. खट् खट् खट्, संथ, एका लयीत. मग पाय थांबवावा तसा तो थांबला.

मी गेलो. कडी बाहेरून लावलेली होती. आम्ही चौघेही पुढच्या खोलीत होतो.

दार उघडताच जावई माझ्या पायाशी कलंडले. ते दाराला टेकून बसले होते. डोळे उघडे, ओठ हाकेसाठी विलग झालेले. हातोडी कोपऱ्यात होती, मशीनवर साधा ओरखडाही नव्हता. दाराच्या आतल्या अंगावर जुन्या फुल्यांच्या शेजारी नव्या फुल्या होत्या, खाली येता येता वाकड्या होत गेलेल्या. आणि त्यांच्या नखांत निळे मेण भरलेले होते. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडले. खडू मात्र सकाळच्या त्या फुलीनंतर दिवसभर चिमणीच्या खिशात होता.

मुलगी आणि मुले आता माझ्याकडे असतात. खडू मी स्वतः वाहत्या पाण्यात सोडला. तरीही रोज सकाळी चिमणीच्या फ्रॉकवर आणि टिल्लूच्या सदऱ्यावर, पाठीच्या मधोमध, एक सुबक निळा गोल असतो. त्यांच्या आईच्याही पदरावर असतो. इस्त्रीने तो जात नाही.

मी रोज माझा सदरा उलटसुलट करून पाहतो. त्याच्यावर अजून काहीच नाही... गोल नाही, फुलीही नाही.

असो. तो दयाघन तुमच्या घरादाराचे रक्षण करो. तुमच्या घरी कोणाची हाक दाराआड न विरो, थकलेल्या प्रत्येक जिवाला उजेडाची खोली मिळो, आणि ऐकणाऱ्या तुम्हा सर्वांच्या पाठीवर मायेचाच हात फिरो.